पहिला नंबर

गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६, पीण्या

आज शंकरअण्णांना मेमो मिळाला. भट्टीवर लक्ष नव्हतं म्हणे! आतला सगळा माल जळून गेला.

भट्टी जास्त तापली की घंटी वाजायला हवी होती. ती वाजली नाही, कारण पहिला नंबर साहेबांच्या केबिनमधल्या बोर्डाला दिलेला होता. आणि तो दिला कोणी? मीच. आमची सगळी यंत्रं एकाच तारेवरून बोलतात. दोन यंत्रं एकदम बोलायला लागली की लहान नंबरवालं पुढे जातं, दुसरं गप्प बसतं. मी आधी भट्टीलाच पहिला नंबर दिला होता. पण साहेब म्हणाले, "माझ्या बोर्डावरचे आकडे सारखे पळताना दिसले पाहिजेत. कस्टमर येतात." झालं, मी "येस सर" म्हणून नंबर बदलला. नाही म्हणता आलं नसतं का? आलं असतं की. मग तो बोर्ड दिवसभर बडबडत राहिला आणि भट्टीची पाळी आलीच नाही.

मीटिंगमध्ये अण्णा त्यांच्या घरच्या कानडी वळणाच्या मराठीत मला म्हणाले, "घंटी वाजलीच नाही. तुम्ही स्वल्प सांगा की." मी तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबही बोलायला लागले. मी थांबलो.

साहेबांचं बोलून झालं. अण्णा माझ्याकडेच बघत होते.

तारेवर गप्प बसलेलं यंत्र निदान तार मोकळी झाली की पुन्हा बोलतं. मी चहाचा कप तोंडाला लावला.