एकच व्हेप, पण भरवशाचं

मंगळवार, ३ जून. टिमारू.

मार्लो बंद झालं.

म्हणजे माझं व्हेप नाही. कंपनीनेच ते काढायचं थांबवलं. माझं अजून चालतंय, पण त्याच्या रस तापवणाऱ्या कॉइल आता कुठेच मिळत नाहीत आणि आत असलेली शेवटची कॉइल करपलेल्या टोस्टची चव देते. चार वर्षं एक तक्रार नाही. चिखलात पडलं, दुकानात नांगराच्या बोल्टांच्या खोक्यात हरवलं, एकदा पँटबरोबर धुऊन निघालं. पुसलं, ओढलं, चालू. मी जन्मभर शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग विकत आलोय. चांगली वस्तू मला हातात घेताच कळते.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, म्हणजे मनाला टोचणी नको. माझ्या बायकोच्या, हेदरच्या, समजुतीप्रमाणे मी नाताळात व्हेप सोडलं. ही समजूत चुकीची नाही. मी खरंच सोडलं होतं. दुपारच्या जेवणापर्यंत. पण तेवढ्यात तिने इतक्या आनंदाने ते सगळ्यांना सांगून टाकलं की नंतर दुरुस्तीला जागाच उरली नाही.

दवाखान्यातल्या नर्सलाही सांगितलं. त्यामुळे व्हेप सोडू पाहणाऱ्यांचा जो गट मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत बसतो, तो आता मी चालवतो. नर्स म्हणाली, स्वतः सोडलेला माणूस हवा. मी नाही म्हणणार होतो. हेदर शेजारीच बसली होती.

आज सभा चांगली झाली. माझं भाषण 'इच्छाशक्ती' या विषयावर. भाषणाआधी गाडीत दोन झुरके, नंतर चार.

निश्चय: जूनअखेर पूर्ण बंद. पण बंद करायचं ते शिस्तीत, आणि शिस्तीला भरवशाचं यंत्र लागतं. गळकं, फुसकं व्हेप हाती असलं की माणूस चिडतो. चिडलेल्या माणसाला काहीही सोडता येत नाही. तेव्हा आधी चांगलं घ्यायचं, मग सोडायचं.

गुरुवार, ५ जून.

अभ्यास सुरू. बाथरूमचं दार लावून बावीस मिनिटांचा एक व्हिडिओ पाहिला. एक दाढीवाला तरुण आठ व्हेपं जमिनीवर आपटून दाखवतो. उपयुक्त माहिती. बॅटरी दिवसभर टिकली पाहिजे, गळता कामा नये, कॉइल पुढची दोन वर्षं तरी मिळायला हव्यात. (दोन वर्षं हे केवळ तत्त्व म्हणून. मला जूनअखेरपर्यंतच हवं आहे.)

बाहेरून हेदरने विचारलं, पोट बरं नाही का. मी म्हटलं, थोडं जड आहे. तिने संध्याकाळी कोंबडीचं सूप केलं आणि माझ्या पायांवर पांघरूण घातलं. दोन वाट्या प्यायलो. तेवढं तरी तिच्यासाठी.

शनिवार, ७ जून.

अ‍ॅशबर्टनला जाऊन आलो. टिमारूत घेणं शक्य नाही, इथे मला अर्धं गाव ओळखतं. हेदरला सांगितलं, एका गिऱ्हाइकाचं पेरणी यंत्र बघायला जातोय. ती म्हणाली, शनिवारीसुद्धा लोकांची कामं करतोस, नेव. डब्यात सँडविच दिली.

दुकानातली मुलगी हुशार आहे. भुवईत रिंग, नाव टेगन. तिला माझे निकष सांगितले. ती म्हणाली, आजोबा, लोक इथे येतात आणि रंग बघून घेतात. मी म्हटलं, म्हणूनच पस्तावतात. शेवटी पेनासारखं एक बारीक, चंदेरी घेतलं. आंब्याच्या चवीचं. खिशात पेनच वाटतं. हे शेवटचं.

मंगळवार, १० जून.

पेन गळतं.

सभेच्या मध्यावर कळलं. शर्टाचा खिसा ओला, चिकट, आणि सगळ्या खोलीत आंबा. सेइनीने नाक वर करून विचारलं, आंब्याचा वास कुठून येतोय. मी म्हटलं, फरशी पुसायचं नवं औषध असेल. म्हातारा अ‍ॅल्विन छताकडे बघत राहिला. लोकर कातरण्यात त्याचा जन्म गेला, नजर अजून मेंढीसारखी निर्विकार.

सेइनी आमच्यात नवीन. टोंगाची, इथल्या मासळीच्या कारखान्यात काम करते. आज पहिल्यांदा बोलली. म्हणाली, माझ्या लेकीने परवा रंगाचा खडू तोंडात धरला, लांब झुरका घेतला आणि माझ्यासारखी मान वर करून फुंकर सोडली. चार वर्षांची आहे. मी हसले. मग मोरीत जाऊन रडले.

मी गटप्रमुख, काहीतरी करायला हवं होतं. तिला माझा नंबर दिला. म्हटलं, ओढावंसं वाटलं की आधी मला फोन कर, कधीही. तिने नंबर दोनदा वाचून खात्री करून घेतली. म्हणाली, तुम्ही सोडलंत म्हणून मला जमेल असं वाटतं.

खिसा अजून चिकट आहे. शर्ट स्वतः धुतला. हेदरला फार कौतुक वाटलं.

गुरुवार, १२ जून.

सेइनीचा फोन. कारखान्यातली जेवणाची सुट्टी, बाकी सगळ्या बायका मागच्या दाराशी ओढत उभ्या. मी गाडीत होतो. शांत आवाजात सांगितलं, डोळे मीट, खोल श्वास घे, धर, हळू सोड. ती घेत होती. मीही घेतला, धरला, हळू सोडला. समोरची काच पांढरी झाली.

ती म्हणाली, तुमच्याबरोबर श्वास घेतला की बरं वाटतं.

निश्चय: जूनअखेर नव्हे. वीस तारखेलाच.

शनिवार, १४ जून.

पुन्हा अ‍ॅशबर्टन. (दुसरं पेरणी यंत्र.) पेन परत घेत नाहीत, तोंड लावलेला माल. योग्यच आहे, आम्हीही वापरलेले पट्टे परत घेत नाही. या वेळी मजबुतीवर भर दिला. चौकोनी, वजनदार, बॅटरी दोन दिवस. टेगन म्हणाली, आजोबा, हे वाफेचे ढग सोडणाऱ्या पोरांचं आहे. मी म्हटलं, मजबूत वस्तूला वय नसतं.

पैसे देत होतो तेवढ्यात दार उघडून अ‍ॅल्विन आत आला.

दोघं उभे. तो म्हणाला, केस कापायला आलोय. मी म्हटलं, मी टॉर्चची बॅटरी बघतोय. तो म्हणाला, बरी असते इथे बॅटरी. मी म्हटलं, हो, ऐकलंय. तेवढ्यात टेगनने काउंटरवरून विचारलं, अ‍ॅल्विन, नेहमीचंच ना, पुदिना?

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, हो, पोरी, नेहमीचंच.

बाहेर येऊन दोघं आपापल्या गाडीत बसलो. त्याने हात केला. मीही केला. बिचारा. वयामुळे निश्चय टिकत नसेल.

सोमवार, १६ जून.

चौकोनी यंत्र गॅरेजमागे वापरून पाहिलं. इतकी वाफ निघाली की शेजारच्या बाईंनी कुंपणावरून ओरडून विचारलं, काही पेटलंय का. मी म्हटलं, पालापाचोळा जाळतोय. मग खरंच पालापाचोळा गोळा करून पेटवावा लागला. ओला होता. शिवाय ते यंत्र खिशात ठेवलं की पँट एका बाजूने खाली जाते. बाद.

मंगळवार, १७ जून.

आज हेदर सभेला आली. चीज रोल घेऊन, गरम, टोपलीत टॉवेलखाली. सेइनीने केके आणले होते, त्यांच्याकडचे तळलेले गोळे. दोघी शेजारी बसल्या.

अ‍ॅल्विन उभा राहिला. म्हणाला, मी पाच आठवडे हात लावलेला नाही. आणि माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार.

मग सेइनी उभी राहिली. तिनेही सोडल्याला आठवडा झाला होता, आणि तिचं खरं होतं. ते चेहऱ्यावरून दिसतं. डोळे तांबारलेले, नखं खाल्लेली. म्हणाली, जे काय आहे ते नेव्हिलमुळे. हेदरने माझा हात दाबला. तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले. कारणं वेगळी.

परत येताना हेदर म्हणाली, मला तुझा अभिमान वाटतो, सांगायचं राहून जातं. मी गाडी नीट चालवण्याकडे लक्ष दिलं.

शनिवार, २१ जून.

काल वीस तारीख होती. दुकानात माल आला होता, गडबड होती. अशा दिवशी सोडणं व्यवहार्य नव्हतं.

आज तिसरं घेतलं. आपणच रस भरायचा, स्वस्त पडतं. पण कॉइल संध्याकाळपर्यंतच करपली. चव तारेच्या कुंपणाची. यात माझा दोष नाही. हल्ली कोणी वस्तू टिकावी म्हणून बनवतच नाही.

निघताना टेगन म्हणाली, पुढच्या शनिवारी एक नवीन येतंय, तुमच्या जुन्या मार्लोवरून बेतलेलं. गळत नाही, कॉइल भरपूर. तुमच्यासाठी एक बाजूला ठेवते.

मनावरचं मोठं ओझं उतरलं. म्हणजे अठ्ठावीसला खरं यंत्र हाती येणार, आणि तीसला सोडायचं. दोन दिवस पुरेत.

गुरुवार, २६ जून.

सेइनीचे आज दोन फोन. कारखान्याने तिच्या पाळ्या कमी केल्यात. मी म्हटलं, अवघड दिवस निघून जातात. ती म्हणाली, तुम्हाला कसं कळतं हो नेमकं काय बोलायचं. व्हिडिओतला दाढीवाला बॅटरीबद्दल असंच म्हणाला होता, ते सांगितलं नाही.

शनिवार, २८ जून.

हे लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

नवीन यंत्र हातात घेतलं आणि कळलं, हेच. वजन बरोबर. कडा गुळगुळीत. झाकण मिटताना होणारा आवाज थेट मार्लोचा. तेवढ्यात फोन. सेइनी. आवाज बारीक. म्हणाली, पेट्रोल पंपावर उभी आहे, काउंटरसमोर. पुढच्या आठवड्यात एकच पाळी दिलीय. घरी जायचं धाडस होत नाही. एकच घेते, उद्या टाकून देईन.

मी म्हटलं, घेऊ नकोस. बाहेर ये. गाडीत बस, डोळे मीट. एक झुरका म्हणजे सगळं पहिल्यापासून. माझ्याकडे बघ, मी कसं निभावलं. चांगलं बोललो, खरंच चांगलं बोललो.

आणि टेगनने मोठ्याने विचारलं, आजोबा, आंबा भरून देऊ की तंबाखू?

मग सेइनीने विचारलं, कुठे आहात तुम्ही.

म्हटलं, अ‍ॅशबर्टनला. हे खरंच होतं.

ती म्हणाली, दुकानात?

म्हटलं, एका दुकानात.

पंपावर कोणीतरी गाडीचं दार आपटलं, ते ऐकू आलं. ती रडेल असं वाटलं, शिव्या देईल असं वाटलं. दोन्ही चाललं असतं. तिने दमलेल्या आवाजात विचारलं, मग कोणतं चांगलं? तुम्हाला कळतं ना. पैसे वाया जायला नकोत माझे.

आणि मी सांगितलं.

पेनासारखं घेऊ नकोस म्हटलं, गळतं. चौकोनी जड पडतं. भरायचं तर मुळीच नको, कॉइल करपते. या नव्याचं नाव सांगितलं, झाकणाचं सांगितलं, कॉइलचं सांगितलं. पहिल्यांदा भरल्यावर थोडं थांबायचं, लगेच ओढायचं नाही, हेही सांगितलं. गटासमोर मी इतक्या मनापासून कधी बोललो नाही. ती मधे मधे हं म्हणत होती. शेवटी म्हणाली, आहे इथे ते. थँक यू, नेव्हिल. आणि फोन ठेवला.

टेगन कौतुकाने बघत होती. म्हणाली, आजोबा, आमच्याकडे कामाला या.

गाडीत बसून यंत्र चालू केलं. पहिलाच झुरका, आणि अप्रतिम. तेच सहन होत नव्हतं.

रविवार, २९ जून.

हेदरला सांगायचं ठरवलं. स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, हेदर, एक बोलायचं होतं. ती वळली, इतक्या मोकळ्या चेहऱ्याने. म्हटलं, भाजलेलं मटण फार छान झालंय. ती म्हणाली, अजून ओव्हनमध्येच आहे.

सेइनीला फोन करायला हवा. तीनदा नंबर काढला. काय विचारणार, चालतंय का नीट?

मंगळवार, १ जुलै.

राजीनाम्याचं भाषण तयार करून गेलो होतो. सुरुवात मुद्दाम प्रकृतीपासून केली होती.

माझ्या खुर्चीवर सेइनी बसली होती. पुढ्यात बिस्किटांचा रिकामा डबा. हेदर किटलीपाशी कप मांडत होती. सेइनी म्हणाली, मी शनिवारी एक घेतलं. माहितगार माणसाला विचारून घेतलं. वस्तू उत्तम आहे, गळत नाही, घसा जळत नाही. रविवारी दिवसभर ओढलं. एवढं चांगलं असेल तर माझ्याने कधीच सुटणार नाही, म्हणून आणलंय. तिने ते डब्यात टाकलं. कोणाचं नाव घेतलं नाही. डबा पुढे सरकवला.

अ‍ॅल्विनने खिशातून आपला पुदिना काढला आणि डब्यात टाकला. म्हणाला, पाच आठवडे खोटं होतं.

मग डबा माझ्यापुढे आला. मी म्हटलं, मी तर गटप्रमुख. सेइनीने हात मागे घेतला नाही. चिडली नव्हती. लेकीने तोंडातला खडू द्यावा म्हणून हात पुढे धरून उभी राहावी तशी थांबली होती.

मी कोटातलं नवीन काढून टाकलं. हात तसाच. मग आतल्या खिशातलं रस भरायचं. हात तसाच. मोज्यातलं पेन काढायला वाकावं लागलं. वर आलो तेव्हा हेदर कपात दूध ओतता ओतता थांबली होती. तिने दुधाचं भांडं हळूच खाली ठेवलं, जणू झोपलेलं मूल.

भाषण केलं नाही. सेइनीने शेजारची खुर्ची ओढून दिली, तिच्यावर बसलो. पुढच्या मंगळवारपासून गट ती चालवणार. नर्सला ती सांगणार आहे, स्वतः सोडू बघणारं माणूसही चालतं.

गाडीत हेदरने तिच्या बाजूची काच खाली केली. बाहेर हिवाळ्याचं गोठवणारं वारं. मी लाव म्हटलं नाही. घराजवळ आल्यावर तिने एकच विचारलं, पेरणी यंत्रं होती का खरंच? मी म्हटलं, नव्हती. तिने मान हलवली. सँडविच तिने दर वेळी लोणचं घालून दिली होती. मला आवडतं म्हणून.

आजपासून पूर्ण बंद. या वेळी खरं. सगळं दिलं.

चौकोनी तेवढं शेडमध्ये आहे, बी-बटाट्यांच्या पोत्याखाली. त्याच्याबद्दल सेइनीने विचारलं नाही. विचारलं असतं तर दिलंच असतं. आता जाऊन ते फेकून येतो.

हेदरने आतून विचारलं, कुठे निघालास. म्हटलं, बटाट्यांना कोंब फुटलेत का, बघून येतो.