ऑर्गनच्या भात्यामागची व्याकरणं

ओलोत, ५ नोव्हेंबर १९२३

ती. एर्मेंगोलदादास, कोलोमाचा नमस्कार. वि. वि.

यंदा सणाची चेस्टनटं तुझ्यावाचून भाजली. निम्मी करपली, म्हणजे तुझी आठवण पुरेशी निघाली. बाकी बातमी कडूच. माद्रिदला जनरलने सत्ता घेतल्यापासून आपला पट्ट्यांचा झेंडा उतरलाच होता. परवा माझ्या संध्याकाळच्या, आपल्या कातालान भाषेच्या वर्गालाही कुलूप लागलं. पुस्तकं जप्त होणार हे दिसत होतं. म्हणून आपले म्हातारे पाद्री मोसेन फेलिउ आणि मी, दोघांनी मिळून तीस व्याकरणं चर्चच्या ऑर्गनच्या भात्यामागे लपवली. हे आम्हां दोघांना माहीत, आणि आता तुला. पत्र फाडून टाक.

माया आहे तशीच ठेव.
तुझी कोलोमा

बार्सेलोना, १२ नोव्हेंबर

चि. कोलोमास अनेक आशीर्वाद.

मास्तरीणबाई, पत्र फाडलं. रविवारी ऑर्गनचा सूर चुकला, तर एखादं अनियमित क्रियापद भात्यात अडकलं असं समज!

पण जरा धीर धर. १८९२ साली बाबा मान्रेसा गावच्या सभेला गेले, तेव्हा वकील, वैद्य, जमीनदार तीन दिवस लांब कोट घालून बसले आणि आपली भाषा, आपले कायदे, आपला कारभार असा मसुदा लिहून उठले. आरडाओरडा नाही, दगडफेक नाही. त्यातूनच पुढे आमचा पक्ष उभा राहिला, निवडणुका जिंकल्या, चारही प्रांतांचा एकत्र कारभार आला, गावोगाव वाचनालयं झाली. आमचे गिरणीमालक सेन्योर रियाल्प म्हणतात, जनरल एकदा संपकऱ्यांचा बंदोबस्त करील आणि मग आपल्याला आपल्या वाटेने जाऊ देईल. त्यांचा चिटणीस म्हणून मी रोज हेच लिहून घेतो.

जपून राहा, लोभ वाढू दे.
तुझा दादा

ओलोत, २२ जानेवारी १९२४

एर्मेंगोल यास,

काल शिपाई आले. घरांची झडती घेतली नाही, शाळा उघडली नाही. सरळ चर्चचा जिना चढले आणि भात्यामागे हात घातला. अधिकाऱ्याने एक पुस्तक उचलून मला स्पॅनिशमध्ये विचारलं, की सूर बिघडवणारं अनियमित क्रियापद ते हेच का. बाकीचे हसले.

हा विनोद कुणाचा, ते मी तुला सांगायला नको.

जनरल सत्ता घ्यायला माद्रिदला निघाला तेव्हा तुझ्या मालकाने बार्सेलोनाच्या स्टेशनवर टाळ्या वाजवून त्याला निरोप दिला, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक आहे. गिरणीवाल्यांना आपली भाषा लग्नातल्या कोटासारखी. संपाची हूल उठली की पेटीत. आपला चुलतभाऊ गिफ्रे सीमा ओलांडून फ्रान्सला गेला, तो म्हणायचा, अर्ज पुष्कळ झाले, आता स्वतःचं राज्यच हवं. मी त्याला डोकेफिरू म्हणायचे. आता म्हणवत नाही.

मोसेनना चौकशीला बोलावणं आलं आहे. खरं काय ते लिही. लोभाचं त्यानंतर बघू.
कोलोमा

बार्सेलोना, २७ जानेवारी

चि. कोलोमास,

सख्ख्या भावाला असं पत्र! माझं पत्र वाटेत फोडलं असेल, हे तुझ्या मनात कसं आलं नाही? हल्ली तुझ्या पाकिटांवर गोंद दोनदा लावलेला दिसतो. आणि तुमचा तो नवा ऑर्गनवादक? भात्याला रोज हात कुणाचा लागतो? आधी त्याला विचार. गिफ्रेच्या नादी लागून तू घरातच शत्रू शोधू लागलीस. मी कुणालाही काही सांगितलेलं नाही. बाबांची शपथ.

तुझा (अजून असेन तर) दादा

बार्सेलोना, ११ फेब्रुवारी

कोलोमा,

शपथ खोटी होती. ती घेताना मला ते माहीत नव्हतं, एवढंच.

काल मालकांकडे जेवण होतं. दोन लष्करी अधिकारी पाहुणे. कॉफी आली तेव्हा सेन्योर रियाल्पनी तो ऑर्गनचा किस्सा रंगवून सांगितला. गावाचं नाव, भाता, क्रियापद, सगळं. तेव्हा मला आठवलं. नाताळात दारूच्या भरात मीच त्यांना तो ऐकवला होता. माझी बहीण किती धीट आहे, ही बढाई मारायला. त्यांनी तो पुढे कुणाला वाढला असेल, हे समोरच बसलं होतं.

सगळे हसले. कोलोमा, मीही हसलो. पेला हातात होता, तो खाली ठेवायचंही धाडस झालं नाही. आज सकाळी नोकरी सोडून आलो. त्याने तुमचं काही भरून येत नाही, हे समजतं.

काय मागू?
एर्मेंगोल

ओलोत, १५ फेब्रुवारी

दादास, वि. वि.

तू लिहिलंस म्हणून मी ऑर्गनवादकाच्या दारात जाऊन चार लोकांसमोर त्याला नाही नाही ते बोलले. त्याची बायको बाळंतीण आहे. काल माफी मागायला गेले, तर त्यांनी दार उघडलं नाही. तेव्हा फितुरीचं पाप तुझ्या एकट्याच्या नावावर नाही.

वर्ग चालू आहे. चार घरांच्या स्वयंपाकघरांत, पुस्तकांवाचून. कुठल्या घरांत, ते मी लिहिणार नाही. तूही विचारू नकोस.

मोसेन फेलिउंची बदली पार डोंगरातल्या एका वाडीवर झाली. सत्तरीला टेकलेला माणूस. रविवारी त्यांचं सामान गाडीवर चढवायचं आहे आणि पेटी जड आहे. शनिवारच्या गाडीने ये. कुणी सांगितलं हे त्यांना अजून ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते तू सांगायचंस. तुझं बोलणं संपेपर्यंत मी बाहेर पायरीवर बसून राहीन.

तुझी बहीण,
कोलोमा