नखाचा रंग

३ डिसेंबर
आन बापू पुन्हा तेच म्हंते — तू फोनवरच बसून राह्यतं, म्हनून पैसे उरत नाई! काहून बसू नको? इथं चाकनात माह्याशी बोलते कोन? एक राजपाल. बाजूच्या तांड्यातला, माह्याच खोलीत राह्यते.
याडी, माही माय, त फोन कानाले लावून नुसती आयकते. बोलत नाई.

४ डिसेंबर
नव्या सुपरवायझरनं कामाच्या आधी लोखंडी पट्टी काढली. आपन बोटं उघडी ठेवायची, तो मधात पट्टी सोडते, पकडायची. वीस सेंटीमीटरच्या आत पकडली त पत्रा दाबायच्या प्रेसवर. नाई त पॅकिंग — रोजचे शंभर कमी. म्हने, "झोप, भूक, गोळी, टेन्शन, पट्टी सगळं सांगते!" प्रेस कोनासाठी थांबत नाई. पत्रा ठेवला का हात बाहेर.
माही — सतरा.

६ डिसेंबर
काल डबल शिफ्ट केली. तेवीस. पॅकिंग.

७ डिसेंबर
उपाशी गेलो. एकवीस! च्या पेऊन पट्टी पुन्हा मागतली. सुपरवायझर म्हने, "लॉटरी आहे का रे?"

९ डिसेंबर
सापडलं! पट्टी धरली का सुपरवायझरच्या अंगठ्याचं नख पांढरं असते. सोडायच्या आधी लाल होते. मी पट्टीकडे पाह्यतच नाई आता. अकरा!
तो म्हने, "वा रे वाशीम एक्सप्रेस!"

१४ डिसेंबर
राजपालले सर्दी. गोळी घेतली, डोळे मिटून राह्यले होते. "आज शंभर गेले, लेका." म्या नखाचं सांगतलं. त्यानं तेरावर पकडली! हासला — "पह्यलेच काहून नाई सांगतलं बे?"
प्रेसले नख नाई.
दोन बोटं गेली. उजव्या हाताची.

१६ डिसेंबर
दवाखान्यात गेलो. डाव्या हातानं बिस्कीट खाऊन राह्यला होता. "तुह्यं नाव नाई घेतलं म्या."
घेतलं असतं त बरं झालं असतं.

१९ डिसेंबर
त्याचा भाऊ त्याले घरी घेऊन गेला. खोलीत ताटं दोन.

२० डिसेंबर
सुपरवायझरले नखाचं सांगून टाकलं. आता तो अंगठा रुमालाखाली झाकून पट्टी धरते. माही — चोवीस. रोज पॅकिंग.

७ जानेवारी
पगार झाला. बापूले फोनवर सारं सांगतलं. मंग पह्यल्यांदा याडीचा आवाज — "त्याच्या घरी टाक पैसे."
लिलाबाई, राजपालची माय. तिच्या खात्यात — आठ हजार दोनशे.