क्लासला जातो, काकू

१ डिसेंबर, रविवार
आगमनकाळ सुरू, ख्रिसमसला चार आठवडेही नाहीत. चर्चमधून येतानाच ठरवलं. ख्रिसमसच्या आत घरमालक जिनदत्तकाका आणि गुणमालाकाकूंना खरं सांगायचं. मी ख्रिस्ती आहे, रविवारी क्लासला नाही, उपासनेला जातो. सांगलीत आधीच्या दोन मालकांना चर्च ऐकताच खोली आधीच दिल्याचं आठवलं होतं. म्हणून इथे क्लास. खोटं नव्हे, सावधपणा. पण आता बास. विश्वासापायी खोली गेली तरी बेहत्तर.

२ डिसेंबर
सोमवारी असलं कुणी सांगत नाही. शिवाय काकूंनी गरम शेंगाची पोळी दिली. तोंडात घास असताना काय बोलणार?

५ डिसेंबर, सायं. ७
काकूंकडे जेवायचं म्हणजे जैन जेवण, दिवस मावळायच्या आत. कांदा नाही, बटाटा नाही. आत्ताच परत भूक. छळच हा. सोसतोय. दुपारी कुपवाडला वर्कशॉपमध्ये सोबतच्या रिजवानच्या डब्यातलं आम्लेट खाल्लं. तो म्हणाला, लेका, माझा रोजा असला की अख्ख्या एमआयडीसीला ठावं असतंय, आन् तू दोन म्हाताऱ्यांना भितोस व्हय? त्याला पेशन्स म्हणजे काय ते कळत नाही.

८ डिसेंबर, रविवार
आज सांगणारच होतो. तेवढ्यात काकूंनीच विचारलं, कशाचा क्लास हाय रं तुझा? इंग्लिश स्पीकिंग, म्हणालो. काका म्हणाले, मग बोल की दोन वाक्यं. थँक्यू म्हणून खोलीत आलो.

१२ डिसेंबर
वडूजहून आईचा फोन. शेंगाची पोळी आवडली का म्हणे. मी तिला कधी सांगितलं? असो. आयांना कळतं.

१५ डिसेंबर, रविवार
चर्चच्या पाळकसाहेबांनी बोलावून घेतलं. पुढच्या रविवारी उपासनेत मी साक्ष द्यायची, म्हणजे सगळ्यांपुढे उभं राहून आपला अनुभव सांगायचा. विषय : कठीण काळात सत्याने जगणे. माणूस ओळखतात हो! प्लॅन : शनिवारी काकांना सांगायचं, म्हणजे रविवारची साक्ष शंभर टक्के खरी.

२१ डिसेंबर, शनिवार
धीर करून निघालो, तर काका माझ्याच दारावर स्टुलावर उभं राहून वायर ओढतायत. काय चाललंय विचारलं. हाय जरा काम, तू आत जा, म्हणाले. कॅमेरा! माझ्या दारावर! आता कशाला सांगू?

२२ डिसेंबर, रविवार
साक्ष तुफान झाली. अन्नावरून छळ, दारावर कॅमेरा, तरी मी सत्य सोडलं नाही. पुढच्या बाकावरच्या हरणाबाई मावशी पदराने डोळे पुसत होत्या. थोडं वाढवून सांगितलं असेल, पण देवाच्या कामासाठी. व्हिडिओ आईला पाठवला. बघू दे लेक कसा उभा आहे.

२४ डिसेंबर, सायं. ७
आईने अभिमानाने व्हिडिओ पुढे पाठवला. काकूंना.

आई आणि काकू रोज फोनवर बोलतात, हे आज कळलं. खोली घेतली त्याच आठवड्यात, अडीनडीला असावा म्हणून आईने माझ्याकडून काकूंचा नंबर घेतला होता. पहिल्याच फोनला सगळं सांगून टाकलं : आम्ही ख्रिस्ती आहोत, पोराला सांभाळा.

कामावरून आलो तर दारावर ख्रिसमसची कागदी चांदणी, आत बल्ब लागलेला. शनिवारची वायर तिची होती.

काकूंनी रोजच्यासारखं ताट वाढलं. म्हणाल्या, आपणहून सांगशील म्हणून आमी गप बसलो. तुझ्या देवाचं काय न्हाई रं. पर आमी तुला कवा छळलं, तेवढं सांग. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. काका म्हणाले, अगं, जेवू दे त्याला आधी, दिवस बुडतोय.

पाळकसाहेबांना फोन करून साक्ष खोटी होती म्हणून सांगायचं. आजच. पण आज ते कॅरलच्या गाण्यांच्या गडबडीत असतील. उद्या सण. सव्वीसला नक्की.

७.२०
काकू दार वाजवून गेल्या. उद्या तुझा क्लास किती वाजता असतोय म्हणाल्या. काकांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. दोघं येणार आहेत. चर्चमध्ये सगळे मान वळवून बघतील, हेच का ते कॅमेरावाले!

अकरा सांगावं, म्हणजे उपासना संपल्यावरच पोचतील, असं अगदी ओठावर आलं होतं. साडेआठ म्हणालो.