आत्या पाहायला शिकते

१२ जानेवारी १९५८, महाड
दिवाळीपासून पानं कोरी. माफी मागायची तर स्वतःचीच. आत्याच्या मोतीबिंदूच्या धावपळीत लिहिणं राहिलं, हे अर्धसत्य. खरं म्हणजे भीती वाटत होती. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया मीच तिच्या गळी उतरवली. "दिसायला लागलं की पोलादपूरला वाडीवर तुझ्या घरी एकटी राहा, कुणी अडवणार नाही," असं सांगून.
आज जाड भिंगांचा चष्मा आला. नऊ वर्षांनी तिनं मला पाहिलं. "केस कुठं गेलं रे तुझं? आवाजावरनं तर अजून डोकं काळंभोर होतं!" सौ. हसून बेजार.

१५ जाने.
या भिंगातून सगळं मोठं नि जवळ दिसतं. आत्या पेला घ्यायला जाते, मूठ अलीकडेच मिटते. भाकरी तव्याबाहेर पडली. मग चष्मा काढला, डोळे मिटले. दुसरी बरोब्बर तव्यात. "डोळं दिलंस रे, पन हात काढून घेतलंस."

१९ जाने.
मी रॉकेलचा डबा भरलेला समजून उचलला. रिकामा. हात झटकन वर गेला. म्हणजे वजन हातानं आधीच ठरवलं होतं!
वर्गात डोळ्याची आकृती काढतो. पडद्यावर प्रतिमा पडली की माझा धडा संपतो. पण पुढे? मेंदू निरोपाची वाट पाहत बसत नसावा. अंदाज आधी तयार, निरोप त्याच्याशी ताडून पाहायचा. आत्याचे अंदाज इतकी वर्षं कानांवर, हातांवर बांधलेले. आता नवा निरोप्या आलाय, तो अंतर चुकीचं सांगतो. तिनं कुणाचं ऐकावं?
(हे कुठे वाचलं की सुचलं? आठवत नाही. मुलांना सांगू नये.)

२७ जाने.
आत्या अंगणाच्या पायरीवरून पडली. जमीन जवळ दिसली, पाय आधीच टेकायला गेला. गुडघा सुजलाय. "मला नाय पायजे तुझा चष्मा. आंधळी होते तवा पडत तरी नव्हते."
सौ. म्हणाली, "प्रयोगाला आत्याच मिळाल्या का तुम्हाला?" प्रश्न रास्त.

६ फेब्रु.
आपणहून चष्मा लावून वाल सोलायला बसली. दाणे परातीबाहेर. प्रत्येक चुकार दाण्याला "मेल्या, तू बी?" आणि पुढचा जरा लांब. दुपारपर्यंत बहुतेक आत.
चुकलं की अंदाज सरकतो. चुकूच दिलं नाही तर कशानं सरकणार? पडल्यापासून मी तिला जपून बसवून ठेवलं, तेच चुकलं का? की पडण्याचं समर्थन शोधतोय?

१३ फेब्रु.
डॉक्टरांचा निरोप : डावा डोळाही मार्चात करता येईल. मी मनातल्या मनात होकार देऊन मोकळा.
संध्याकाळी आत्या चष्मा लावून त्याच पायरीशी उभी. मी हात पुढे केला.
"सर बाजूला. तू धरलंस तर पायरी कुठं हाय ते मला कळायचं कसं?"
उतरली. अडखळली, सावरली. वाडीवर जायचं नाव काढलं नाही. चष्माही काढला नाही.
पहिल्या वेळी मी तिला समजावलं पुष्कळ. विचारलं कधी?
उद्या : डाव्या डोळ्याचं आत्याला विचारणे.