नासवलेल्या दुधाचा पाव

चारकोप, मंगळवार

सर्वेशच्या बाबांना सुलक्षणाचा नमस्कार.

मी ठीक आहे, गुडघाही बरा आहे. इथे फोनवर बोललं की घरभर ऐकू जातं, म्हणून लिहितेय.

तुमचे चिरंजीव हल्ली आयरिश सोडा ब्रेड भाजतात. नाव एवढं मोठं, आणि आत काय तर मैदा, मीठ, खायचा सोडा नि ताक. ना आंबवणं, ना मळणं! तेही घरात माझं तांब्याभर ताक असताना हा दुधात लिंबू पिळून ते नासवतो, कारण व्हिडिओत तसं दाखवलंय. वर सुरीने फुली मारतो. का, तर आयर्लंडात मारतात. पहिला पाव पाट्यावर आपटला असता तर पाट्याचा टवका उडाला असता. सूनबाई बिचारी "मस्त झालाय" म्हणत चहात बुडवून गिळते.

भाजून झाला की उलटा धरून बुडाला टकटक करतो आणि कान लावतो. पोकळ वाजला की झाला म्हणे. अहो, तुम्ही परसातला फणस वाजवता तसंच! त्याला व्हिडिओ कशाला हवा? यंदा फणस किती धरलेत?

रोज सकाळी अकराला हे चालतं. मी विचारलं, तर "घरून काम करतो" म्हणाला. लॅपटॉपची बॅग महिनाभर खुंटीवरून हललेली नाही. डबा एकटी सूनबाईच नेते.

रविवारी फोन कराल तेव्हा नोकरीचं काढू नका. पाव कसा वाजला, तेवढं विचारा.

तुमची,
सुलक्षणा