डावा वरचा कप्पा

१० जानेवारी २०२४, बुधवार
आज हृदयाच्या इकोला बाबा आले! धारहून बसनं, एकटे, देवासला, मी इको काढते त्या आमच्या क्लिनिकमध्ये. मी उमाशंकरशी लग्न केलं तेव्हापासून बोलणं बंद — नऊ वर्षं झाली.

"शर्ट काढा, डाव्या कुशीवर व्हा. जेल गार लागेल." सगळ्यांना सांगते तेच सांगितलं.

ते स्क्रीनकडे बघत होते. "काय दिसतंय, शशी?" त्यांचा जन्म पाणीपुरवठा खात्यात गेला. पंप दिसला की विचारणारच. सांगितलं — अंगातलं वापरलेलं रक्त उजव्या वरच्या कप्प्यात येतं, तिथून खालच्यात. खालचा ते फुप्फुसांकडे ढकलतो. तिथून ताजं होऊन डाव्या वरच्यात, मग डाव्या खालच्यात. त्याची भिंत सगळ्यात जाड — अंगभर तोच पाठवतो. वाटेत झडपा.

"म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह."

"हो, एकाच दिशेला सोडणारे."

"माझा?"

"गळतोय. खालचा कप्पा आवळला की रक्त उलटं वर जातंय. डावा वरचा फुगलाय."

 शर्टाची बटणं चुकीच्या काजांत लावली. मी मदत केली नाही.

१२ जानेवारी
डॉक्टर म्हणाले — झडप बदला, उशीर नको. बाबांना फोन केला. "बरं." ठेवला.

१९ जानेवारी
आता नको म्हणतात! "जुना पंप स्क्रॅपमध्ये देतात, त्यावर कोणी खर्च करत नाही." मी ओरडलेच — "पंप चांगला आहे, व्हॉल्व्ह गेलाय! उशीर केलात तर पंपही जाईल."  पलीकडून — "तारीख घे."

६ फेब्रुवारी
इंदूरला ॲडमिट केलं. उमाशंकर रजा काढून आला. बाबांनी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. "बैठिए." एवढंच.

८ फेब्रुवारी
ऑपरेशन साडेचार तास चाललं. तेवढा वेळ हृदय थांबवतात, रक्त मशीन फिरवतं. मला हे सगळं माहीत आहे. तरी जिन्यातच बसून राहिले. झालं. नवी झडप नीट मिटते आहे, गळती नाही.

१४ फेब्रुवारी
डिस्चार्जसाठी बाबांची फाइल लावत होते. तळाशी तीन जुने इको — गेल्या तीन वर्षांतले. आमच्याच क्लिनिकचे! माझ्या सुट्टीला बदलीवर येतो त्या टेक्निशियनची सही. तिन्ही गुरुवारचे. माझी सुट्टी गुरुवारी असते.

या वेळी ते बुधवारी आले.